ऑर्डरकडे नको, वर्गाकडे बघा

बारावीचा निकाल लागला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या घराघरांत तीच चर्चा सुरू होते. पोरगी हुशार आहे, घर सांभाळून करता येईल अशी नोकरी हवी, मग डी.एड. करावं का? की पदवी घेऊन बी.एड.? मामा म्हणतो, "मास्तरकीसारखं सुख नाही." शेजारच्या काकू म्हणतात, "आमची डी.एड. करून बसलीया, ऑर्डर काय ईना झालीया." दोघंही खरंच सांगतात. मामाच्या डोळ्यांसमोर तीस वर्षांपूर्वी लागलेला शिक्षक आहे आणि काकूंच्या घरात आजची उमेदवार.

शिक्षक व्हावं का, शाळा बदलावी का, की हा पेशाच सोडावा? तिन्ही प्रश्नांना माझं उत्तर एकच आहे. निर्णय वर्गाकडे बघून घ्या, ऑर्डरकडे बघून घेऊ नका. वय, पैसा, पेन्शन यांचा हिशेब मात्र आधी मांडा, कारण तो न मांडल्यामुळे कित्येक चांगल्या मुलामुलींची उमेदीची वर्षं वाया गेली आहेत.

पहिला हिशेब वयाचा.

२ मे २०१२ रोजी राज्याने शिक्षकभरती थांबवली. आधी अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन, मग नवी भरती, असं ठरलं. त्या वर्षी वयाच्या विसाव्या वर्षी डी.एड. झालेली एक मुलगी धरा. राज्याची पहिली टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, झाली डिसेंबर २०१३ मध्ये. ती पास झाली. मग अभियोग्यता चाचणी, म्हणजे टेट, आली थेट डिसेंबर २०१७ मध्ये. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरची पहिली निवडयादी ऑगस्ट २०१९ मध्ये लागली, तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. यादीत नाव आलं नाही. पुढची चाचणी २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली, तिची यादी फेब्रुवारी २०२४ मध्ये लागली, तोवर ती बत्तिशीत. त्यानंतरची चाचणी २०२५ च्या मे-जूनमध्ये.

विशी ते तेहतिशी एवढ्या काळात तिच्या वाट्याला तीन संधी आल्या. ना अभ्यास कमी पडला, ना हुशारी. परीक्षाच झाल्या नाहीत.

म्हणून वाट बघायची तर तारीख ठरवून बघा. किती चाचण्या द्यायच्या, कोणत्या वयापर्यंत थांबायचं, हे पहिल्या फॉर्मच्या दिवशीच घरात बसून ठरवा आणि आईवडिलांनाही सांगून ठेवा. तोवर पोटापाण्याचं दुसरं काम हातात असू द्या. अभ्यासिकेच्या खुर्चीत बसून तिशी ओलांडणाऱ्या मुलांना "अजून एक प्रयत्न कर" असं सांगणं सोपं असतं. पण त्या एका प्रयत्नासाठी चार-पाच वर्षं जाणार असतील, तर तेवढी वर्षं मागण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दुसरा हिशेब पैशाचा. देण्याच्या पैशाचा.

संस्थेत चिकटायचं तर किती द्यावे लागतात, हे गावातल्या कट्ट्यावर उघड बोललं जातं. त्यासाठी उसाचं रान गहाण पडतं, आईचे दागिने जातात. इथे माझं मत ठाम आहे. पैसे भरून शिक्षक होऊ नका. ज्याने पैसे घेतले तो पावती देत नाही. पद मंजूर आहे की नाही, वैयक्तिक मान्यता मिळेल की नाही, पगारासाठी लागणारा शालार्थ आयडी निघेल की नाही, यातलं काहीच त्याच्या हातात नसतं. २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण उघडकीला आलं, तेव्हा असे रस्ते कुठे जातात ते साऱ्या राज्याने पाहिलं.

परीक्षेतही तेच. २०१९-२० च्या टीईटीत पैसे देऊन गुण वाढवून घेतल्याचं उघड झालं आणि ७,८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाईची वेळ आली. नोव्हेंबर २०२५ च्या टीईटीच्या तोंडावर तर आपल्याच जिल्ह्यात, कागल तालुक्यात, पेपरफुटीचा डाव मुरगूड पोलिसांनी उधळला. हा जिल्हा शाहू महाराजांचा म्हणून आपण छाती पुढे काढतो. त्याच मातीत शिक्षक व्हायच्या परीक्षेचा सौदा व्हावा, याची लाज आपल्या सगळ्यांना वाटली पाहिजे. ज्याने स्वतःचा पेपर विकत घेतला, तो उद्या पोराला "कॉपी करू नको" हे कोणत्या तोंडाने सांगणार?

तिसरा हिशेब मिळणाऱ्या पैशाचा.

ऑर्डर मिळाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून जातात. ही योजना २००० सालापासून आहे. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला कित्येक वर्षं महिना सहा हजार मिळत होते. १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार झाले. तीन वर्षांनी प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन २९,२०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. कोल्हापुरात संसार करायला हा पगार चांगला आहे, हे मान्य करू. पण १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, हेही त्याच वहीत लिहा. मामाच्या डोळ्यांसमोरच्या शिक्षकाला ती होती.

आणि विनाअनुदानित शाळा असेल तर हिशेबच वेगळा. २००१ पासून राज्याने कायम विनाअनुदानित तत्त्वावर शाळांना परवानग्या दिल्या. २००९ मध्ये ती 'कायम'ची अट निघाली. २० टक्के अनुदान मिळायला २०१६ उजाडलं. त्यानंतरचा प्रत्येक टप्पा धरणं, उपोषण आणि मोर्चे काढून मिळवावा लागला. आपल्या इथे शिक्षण उपसंचालकांच्या कार्यालयासमोर बसलेले शिक्षक आपण येता-जाता बघितले आहेत. जुलै २०२५ मध्ये हेच शिक्षक मुंबईच्या आझाद मैदानात पावसात बसले होते. २००२ मध्ये पंचविशीत लागलेला शिक्षक आज पन्नाशीला टेकलाय आणि अठ्ठावन्नला तो निवृत्त होणार. त्याने शिकवलेली मुलं नोकरीला लागून स्थिरस्थावर झाली. त्याचा स्वतःचा पूर्ण पगार मात्र अजून पुढच्या टप्प्यावर अडकलेला.

तेव्हा संस्थेच्या दारात जाण्याआधी पाच प्रश्न विचारा. तुकडीला मान्यता आहे का? अनुदान कितव्या टप्प्यावर आहे? संच मान्यतेत, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, हे पद दिसतं का? पटावर प्रत्यक्षात किती मुलं आहेत? नियुक्तीपत्र १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याप्रमाणे आहे का? उत्तरं तोंडी घेऊ नका, कागद बघा. कागद दाखवायला जो कचरतो, त्याच्या शाळेत जाऊ नका.

शहरातल्या खासगी इंग्रजी शाळांत शिकवणाऱ्या बी.एड. झालेल्या मुलींनाही हेच सांगणं आहे. अनेक ठिकाणी सही एका रकमेवर होते आणि हातात पडते दुसरीच. मे महिन्याचा पगार कापला जातो, जूनमध्ये पुन्हा नवी नेमणूक. अशी शाळा सोडताना मनाला अजिबात लावून घेऊ नका. तिथल्या मुलांवर तुमचा जीव आहे, हे चालकांना ठाऊक असतं आणि नेमक्या त्याच्याच जोरावर ते तुम्हाला कमी पगारात राबवतात.

इथवर आकडेमोड झाली. आता वर्गात चला.

गगनबावडा, शाहूवाडी किंवा चंदगडकडच्या एखाद्या वाडीवरची दोन शिक्षकी शाळा घ्या. जुलैचा महिना, बाहेर धो धो पाऊस, कौलांतून एका कोपऱ्यात गळतंय, तिथे बादली ठेवलीय. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या. परिपाठ झाला, हजेरी झाली. दुसरीतली एक मुलगी जोडाक्षरापाशी अडलीय. "पु-स-तक," ती वाचते, थांबते, पुन्हा तेच. बाई शेजारी खाली बसतात. पाटीवर 'स' अर्धा लिहितात, 'त'ला चिकटवतात, तिच्याकडून तीनदा गिरवून घेतात. चौथ्यांदा ती स्वतःहून वाचणार, एवढ्यात फोन वाजतो. गटातली माहिती आजच चारपर्यंत भरायची आहे. खोलीत रेंज नाही, बाई उंबऱ्यापाशी जाऊन उभ्या राहतात. परत येईतो पोषण आहाराची वेळ होते. खिचडी आधी स्वतः चाखायची, चव रजिस्टरमध्ये नोंद करायची, मग मुलांना वाढायची. तांदळाचा हिशेब, फोटो, अपलोड. दुपारचे अडीच वाजतात.

आता इथेच थांबा आणि स्वतःला विचारा. अडीच वाजता, दमलेल्या अवस्थेत, तुम्ही त्या मुलीला शोधाल का? तिचा 'स्त' अर्धवट राहिलाय, हे तुम्हाला सकाळपासून टोचत असेल का?

टोचत असेल तर या, शिक्षक व्हा. हा पेशा तुमचाच आहे आणि पगार, बदल्या, रजिस्टरं हे सगळं पेलण्याची ताकद तुम्हाला तिथूनच मिळेल. टोचत नसेल तर ऑर्डर हातात असली तरी येऊ नका. त्या खोलीत तिच्यासाठी दुसरं कुणी नाही. तुम्ही नसाल तर तिचं वाचन तसंच राहील आणि पाचवीत गेल्यावर सगळे म्हणतील, पोरगीच ढ आहे.

ही परीक्षा घरी बसून देता येत नाही. म्हणून प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी ओळखीच्या एखाद्या शिक्षकाला, मुख्याध्यापकांना विचारून पंधरा दिवस शाळेत जाऊन बसा. वह्या तपासा, मुलांना गोष्टी सांगा, वाढायला मदत करा. शिक्षक दालनात कोण काय बोलतं तेही ऐका. पंधरा दिवसांत जे कळेल ते कुठल्याही क्लासच्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढी कामं सोडून बाकी अशैक्षणिक कामांना शिक्षकांना जुंपायला मनाई केली आहे. कायदा २००९ चा आहे. त्या कलमाचा मान राखला तर बाईंचे दुपारचे दोन तास त्या मुलीला मिळतील. अशैक्षणिक कामांविरुद्ध शिक्षक संघटना बोलतात तेव्हा त्यांना कामचुकार म्हणणाऱ्यांनी एक दिवस तरी त्या उंबऱ्यापाशी उभं राहून बघावं.

आता आत असलेल्यांविषयी.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा उरली आहे, त्यांना दोन वर्षांत टीईटी पास व्हावं लागेल, नाहीतर सेवेतून बाहेर. पाच वर्षांपेक्षा कमी उरलेल्यांना राहता येईल, पण टीईटीशिवाय बढती नाही. याच्या विरोधात ५ डिसेंबर २०२५ रोजी शिक्षकांनी राज्यभर शाळा बंद आंदोलन केलं.

पंचेचाळिशीतले कित्येक शिक्षक तेव्हापासून 'सोडावं का' या प्रश्नापाशी येऊन थांबले आहेत. मी त्यांच्या बाजूने आहे. नेमणुकीच्या वेळी जी अट नव्हती, ती वीस वर्षांनी घालून माणसाच्या भाकरीवर हात ठेवणं मला न्यायाचं वाटत नाही. तरीही त्यांना माझी विनंती आहे, परीक्षेला बसा. आंदोलन करा, न्यायालयात जा आणि अभ्यासही करा. वीस वर्षं मुलांना परीक्षेला बसवलंत, तिची भीती कशी घालवायची ते तुमच्याइतकं कुणाला येत नाही. आणि सरकारने या काळात परीक्षा वेळच्या वेळी घ्याव्यात, अभ्यासासाठी या शिक्षकांना अशैक्षणिक कामांतून मोकळं करावं. एवढं तरी ते देणं लागतं.

बदलाविषयी कोल्हापूरनेच दोन धडे दिले आहेत.

वि. स. खांडेकर १९२० मध्ये शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. अठरा वर्षं तिथे शिकवलं, तिथेच लिहिलं आणि १९३८ मध्ये शाळा सोडून कोल्हापूरला चित्रपटांसाठी लिहायला आले. पुढे ज्ञानपीठ मिळालं. त्यांनी शाळा सोडली, यात उणं काही नव्हतं. अठरा वर्षं मनापासून दिली होती आणि मग दुसऱ्या कामाची हाक आली.

लीलाताई पाटलांची वाट नेमकी उलटी. आयुष्यभर त्यांनी शिक्षक घडवण्याचं काम केलं, शिक्षणशास्त्र महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. निवृत्तीनंतर स्वस्थ बसायच्या वयात, १९८५ मध्ये, कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. मराठी माध्यमाची, प्रयोग करणारी प्राथमिक शाळा. मोठमोठ्यांना शिकवून झाल्यावर त्या लहानग्यांच्या वर्गात आल्या. २०२० मध्ये त्या गेल्या, पण शिक्षक म्हणून नव्याने सुरुवात कोणत्याही वयात करता येते, हे कोल्हापूरला दाखवून गेल्या.

म्हणून शाळेत जीव रमेनासा झाला की लगेच राजीनामा लिहू नका. आधी इयत्ता बदलून बघा. सातवीला कंटाळलेला माणूस पहिलीच्या वर्गात पुन्हा तरतरीत होतो, असं मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय. विषय बदला, जमत असेल तर शाळा बदला. वाईट मुख्याध्यापक हे पेशा सोडण्याचं कारण होऊ शकत नाही. तो बदलून जातो, नाहीतर निवृत्त होतो.

पण दोनच कारणं अशी आहेत की तिथे थांबू नये. मुलांवर हात उचलला जाऊ लागला आणि तो आवरत नसेल तर. किंवा मुलगा आज का आला नाही, हा प्रश्न वर्षभरात एकदाही मनात आला नसेल तर. अशा वेळी फक्त पतसंस्थेच्या हप्त्यासाठी वर्गात उभं राहणं हा मुलांवर अन्याय आहे आणि स्वतःवरही. हप्त्यांची तजवीज करा, नियमाप्रमाणे नोटीस द्या, वर्ष पुरं करा, वह्या आणि मुलं पुढच्या शिक्षकाच्या नीट हवाली करा आणि ताठ मानेने बाहेर पडा. अशा माणसाला घरच्यांनी, गावाने "सरकारी नोकरी सोडली" म्हणून टोचून बोलू नये. तो प्रामाणिकपणे वागला आहे.

शेवटी सरकारला सांगायचं ते सांगू.

१९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. आज पोरं शाळेत वेळेवर येऊन बसतात, पण कित्येक ठिकाणी त्यांच्यासमोर शिक्षक नसतो. रिकाम्या खुर्चीचा दंड कुणाला करायचा?

ती खुर्ची रिकामी होणार, हे आधी कळलं नव्हतं असंही कुणी म्हणू शकत नाही. प्रत्येक शिक्षकाच्या सेवापुस्तकाच्या पहिल्याच पानावर जन्मतारीख असते. तो कोणत्या महिन्यात अठ्ठावन्नचा होऊन निवृत्त होणार, हे त्याच्या नेमणुकीच्या दिवशीच ठरलेलं असतं. पुढच्या दहा वर्षांत दरवर्षी किती जागा रिकाम्या होणार, हे जिल्हा परिषदेतला कारकून एका दुपारी काढून देईल. मग भरती पाच-पाच वर्षं का रखडते? दरवर्षी ठरलेल्या महिन्यात चाचणी घ्या, उन्हाळ्याच्या सुट्टीत यादी लावा, जूनच्या पहिल्या दिवशी शिक्षक वर्गात हजर ठेवा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी समिती लागत नाही. ज्या राज्याला हे जमत नाही, त्याने विशीतल्या मुलामुलींना डी.एड.चे प्रवेश देऊ नयेत.